फादरला उशीर का झाला

फादरला खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचा एक पाय आखूड असतो, तशी ही त्याची अडचण आहे असं आमचं गाव समजून चालायचं. तो चौथीत असताना शाळा तपासायला साहेब आले होते. गुरुजी रोज येतात का, असं त्यांनी वर्गाला विचारलं. वर्ग एका सुरात हो म्हणाला. शांतवन, म्हणजे पुढे जो फादर झाला तो, उभा राहिला आणि म्हणाला, "बाजाराच्या दिवशी नाई येत, सर. पन दुसऱ्या दिवशी दोन दिवसाचं शिकवते." आपण गुरुजींची बाजू घेतली असं त्याला वाटलं होतं. गुरुजींना तसं वाटलं नाही.

पुढे तर गावात कुणाकडे मुलगा पाहायला पाहुणे येणार असले, की शांतवनला सकाळीच कुणाच्या तरी वावरात धाडून देत. एकदा ते राहून गेलं. पाहुण्यांनी रस्त्यात त्याला सहज विचारलं, मुलगा कसा आहे? तो म्हणाला, "चांगला हाय. अन् प्याला का मंग तर सगळ्यायच्या पाया पडते." पाहुण्यांची जीप तिथूनच वळली. मुलाचा बाप भांडायला आला, तेव्हा शांतवनच्या आईनं, रूथबाईनं, त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि त्याच्यासमोर पोराला दोन लावल्या. तो गेल्यावर पोराला जवळ ओढून विचारलं, "अरे, पन तुले कोनी सांगाले लावलं होतं?"

"त्यायनंच इचारलं, माय."

मी शेजारचा, तिथंच उभा होतो. मला म्हणाली, "भाऊजी, देवाकडून ह्याच्या तोंडाले झाकन बसवाचं राहूनच गेलं."

रूथबाईचा नवरा माझा दोस्त होता. तो लवकर गेला. मागे ती आणि हे एकुलतं पोर. ती शाळेत खिचडी शिजवायची. गावात ख्रिस्ती घरं चार-दोन, त्यातलं एक तिचं, आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून.

आणि मी म्हणजे फाट्यावरचा टेलिफोनवाला. शेलूबाजारच्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे, तिथं माझं पिवळ्या पाटीचं दुकान होतं. गावातली माणसं सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली. त्यांच्या घरी कुणी गेलं, की कळवायचं काम माझ्याकडे येई. आता, 'गेले' असं कुणी फोनवर सांगत नाही. आमच्या भागात ती रीतच नाही. आधी म्हणायचं, बापाची तब्येत जरा नरम आहे. समोरचा गप्प झाला की म्हणायचं, तसं घाबरण्यासारखं काही नाही, पण निघून ये. माणूस वाटेभर देवाला नवस बोलत येई. फाट्यावर उतरला की मी त्याचा हात धरी आणि उरलेलं सांगे. तोवर इकडे राख थंड झालेली असे. पण त्याचा प्रवास आशेत झाला ना, असा आमचा हिशेब. लोक म्हणत, टेलिफोनवाल्यासारखं सांगणं कुणाला जमत नाही. मला ते खरं वाटे. पुढे मोबाइल आले, दुकान बसलं, पाटीचा रंग उडाला. हे काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

बारावीनंतर शांतवन फादर व्हायला गेला. गावाला ते पटलं. दुकान काढलं तर हा गिऱ्हाइकाला सांगेल की डाळ जुनी आहे. राजकारणात गेला तर पहिल्याच सभेत पक्ष बुडवेल. देवाच्या नोकरीत असला माणूस खपून जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. शिक्षण पुरं करून तो पांढरा झगा घालून आला, तेव्हा लहानपणी त्याला वावरात धाडणारेही त्याच्या पाया पडले. आणि दोन-तीन वर्षांतच बातमी आली, फादरला जर्मनीला पाठवतात. तिकडे चर्चं आहेत पण फादर मिळत नाहीत.

निघायच्या दिवशी फाट्यावर सगळं गाव जमलं होतं. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले आमचे नथ्थूजी तोंडाचे फटकळ. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला, त्यामुळे धर्म बदलण्याच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द जाणत्याचा. ते म्हणाले, "गोऱ्यायनं तुह्या आज्याले धर्म आनून देला. आता त्यायच्याकडचा सरला, म्हनून तू परत पोचवाले चालला काय?"

"हो काका," फादर म्हणाला. "जवळपास तसंच हाय."

लोकांनी ठेचा दिला, ज्वारीचं पीठ दिलं, कुणी कुरड्या दिल्या. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली. गावाची निराशा झाली. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, आणि पातेल्याला गंज. नथ्थूजींनी रूथबाईला ऐकवलं, "पोरगं जर्मनीले गेलं, अन् मायले एक जर्मनचा गंजही आनला नाई."

त्याचं तिथलं जगणं मी पाहिलं ते फोनवर. रूथबाईकडे साधा फोन, म्हणून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती आमच्या ओसरीवर येई. मी माझा फोन लावून तिच्यासमोर धरी. आमच्याकडे दिवस कलत असे तेव्हा तिकडे जेवणाची वेळ. तो फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्वैपाक करी आणि ही इथून सांगे, कांदा लाल होऊ दे, घाई करू नको. माझी स्वतःची पोरं पुण्याला. त्यांचे फोन सणावारी. त्यामुळे रविवारचे पाच वाजले की मीही धुतलेला सदरा घालून बसत असे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

त्याच्याकडे डोंगरातली चार गावं होती आणि चार चर्चं. आमच्याकडे एक तलाठी चार गावांचे सज्जे सांभाळतो तसं. रविवारी सकाळी बर्फातून गाडी हाकत तो एका चर्चमधून दुसऱ्यात जाई. एकदा त्यानं फोन फिरवून आतलं चर्च दाखवलं. आमचं अख्खं गाव बसून वर पाहुणेही मावतील एवढं मोठं, आणि माणसं म्हणाल तर शेवटच्या बाकावर मूठभर म्हाताऱ्या. रूथबाई म्हणाली, पुढे बोलाव ना त्यायले. तो म्हणाला, "बोलावलं, माय. त्या म्हनतात, आमची आजी याच बाकावर बसे. मंग मीच मागं जाऊन बोलतो." धर्म शिकवायला गेलेला आमचा माणूस असा पाठीमागच्या बाकाजवळ उभा राहून, हातवारे करत, परक्या भाषेत बोलत होता. म्हाताऱ्या मान हलवत होत्या. त्यातली एक झोपली होती.

पहिल्या वर्षी त्यानं आपल्याकडची सवय तिथं लावून पाहिली. कामं झाली की न कळवता कुणाच्याही दारात जायचं आणि हाक मारायची. दार बोटभर उघडे. आतून घाबरलेला आवाज येई: कोण गेलं? फादर दारात आला म्हणजे कुणीतरी मेलंच, अशी तिथली समजूत. हा सांगे, कुणी नाही गेलं, मी चहा प्यायला आलो. ते ऐकून माणसं जास्तच घाबरत. "काकाजी," तो हसत म्हणाला होता, "इथं मरनाची खबर द्यायले माह्याइतकं बिनकामाचं मानूस नाई. मी दिसलो की लोकायले आधीच समजते."

मला ते हसणं थोडं लागलं. माझा आयुष्यभराचा धंदा तो.

गंमत म्हणजे, जी गोष्ट इथं व्यंग होती तिचं तिथं चीज झालं. लोक विचारत, तुम्ही एवढ्या लांबून इथं का आलात? आधीचे फादर म्हणत, देवानं पाठवलं. हा सांगे, तुमच्याकडचे फादर संपले म्हणून आलो. थंडी मला सोसत नाही आणि तुमचा पाव मला आवडत नाही. हे गावभर झालं, आणि मग पावाऐवजी लोक त्याच्या दारात बटाटे ठेवून जाऊ लागले. कुणाच्या घरी भांडण असो, कुणाचं माणूस दवाखान्यात असो, त्याला बोलावणं येऊ लागलं. देवाचं किती पटत होतं कोण जाणे, पण हा माणूस वाकडं सांगत नाही एवढं त्यांना पटलं होतं.

दार पूर्ण उघडणारी पहिली बाई म्हणजे हेल्गाआजी. ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. रविवारी कधी ती त्याच्या स्वैपाकघरात बसलेली असे आणि फोनमधून रूथबाईला हात करी. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण बोलत दोघी भरपूर. रूथबाई म्हणे, "बाई, माह्या पोराले जेवू घालजो." हेल्गाआजी काहीतरी लांबलचक उत्तर देई. दोघींचं समाधान होई. त्या वर्षी फादर सुट्टीवर आला तेव्हा हेल्गाआजीनं स्वतः विणलेले लोकरीचे पायमोजे रूथबाईसाठी पाठवले होते. चांगले पोटरीपर्यंत येणारे, लाल. वाशिमच्या मे महिन्यात. रूथबाई दर रविवारी ते चढवून यायची, पाय फोनसमोर धरायची, आणि फोन बंद झाला की आधी मोजे ओढून काढून पदरानं पाय पुसायची.

मग हेल्गाआजी आजारी पडली. एका रविवारी फादर म्हणाला, डॉक्टरनं तिला सांगून टाकलं, आता फार दिवस नाहीत.

"कोनाले सांगितलं? घरच्यायले?" मी विचारलं.

"नाई. तिलेच. तोंडावर."

मी हबकलो. आपल्याकडे असं केलं तर नातेवाईक डॉक्टरला सोडणार नाहीत, असं म्हणालो. फादर म्हणाला, त्यालाही आधी तसंच वाटलं होतं. "पन काकाजी, ऐकल्यावर तिनं पयलं काम काय केलं असंल? फारकत घेतल्यासारख्या राहनाऱ्या बहिनीले फोन लावला. वीस वर्सं बोलत नोत्या दोघी. बहीन दुसऱ्या दिवशी आली. दोघी भांडल्या, रडल्या, अन् मंग केक करत बसल्या. समजलं म्हनून तिले तेवढा टाइम भेटला." शेवटी त्यानंच तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. आजाऱ्याला लावायचं एक तेल असतं त्यांच्यात. चांदीच्या लहानशा डबीत. ती त्यानं फोनसमोर धरून दाखवली. रूथबाईनं हात जोडले.

मी म्हणालो, तिकडची रीत तिकडे.

रूथबाईचे पाय सुजायला लागले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वाशिमला दाखवलं, अकोल्याला दाखवलं. डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडं गेलेली, हृदयही थकलेलं. घरी न्या म्हणाला. मी आत येऊन रूथबाईला सांगितलं, उष्णता आहे, नारळपाणी प्यायला सांगितलंय. गावात सगळ्यांना सांगितलं, फादरला कळवतो आहे. कुणी पुन्हा विचारलं नाही. कळवणं हे माझंच काम होतं.

रविवारी पाच वाजता मी तिला धरून ओसरीवर आणलं. सुजलेल्या पायांत मीच ते लाल मोजे चढवले. ते चढता चढत नव्हते. लोकरीच्या आत सूज दिसत नव्हती. फादर म्हणाला, "माय बारीक दिसून राह्यली, काकाजी. डॉक्टर काय म्हनते?"

"उन्हाळा हाय," मी म्हणालो. "अन्न जात नाई कोनालेच."

फोन मी धरलेला. रूथबाईनं फोनवरून नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे पाहून हसली आणि त्याला विचारलं, बर्फ वितळला का?

त्याच संध्याकाळी मोजे काढताना ती मला म्हणाली, "भाऊजी, शांतवनले सांगा. येऊन जाय म्हना एकडाव. माह्यानं सांगनं होत नाई, मी रडतो." मी हो म्हणालो. पुढच्या रविवारच्या आधी तिनं पुन्हा विचारलं, सांगितलं का? मी सांगितलं, त्याला रजा मिळायची आहे. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मी का सांगितलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. चार चर्चं, एवढा लांबचा प्रवास, आणि डॉक्टरही चुकतात. खरं कारण साधं आहे. मी नेहमीसारखं 'तब्येत नरम आहे' म्हणालो असतो, तर त्यानं लगेच विचारलं असतं: माय मरते काय, काकाजी? तसं विचारण्याची त्याची सवय. आणि मला त्याला हो म्हणावं लागलं असतं. जिवंत माणूस मरतं आहे, असं मी कुणाला आयुष्यात सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसाला आजारी म्हणणं मला जमत होतं. आजारी माणसाला आजारी म्हणणं जमलं नाही.

ती बुधवारी सकाळी गेली. उन्हात थांबता येण्यासारखं नव्हतं. वाशिमहून तिथले फादर आले, दुपार उतरल्यावर नाल्याकाठच्या दफनभूमीत तिला ठेवलं. मोजे कुणीतरी पायांत घातले होते. मी काढू दिले नाहीत. त्याआधी, सकाळीच, मी जर्मनीला फोन लावला होता. आणि काय म्हणालो? म्हणालो, "शांतवन, मायची तब्येत जरा नरम हाय. तसं घाबरन्यासारखं नाई. पन निघून ये."

तो म्हणाला, निघतो. एवढंच. या वेळी त्यानं उलट काही विचारलं नाही. बहुतेक पहिल्यांदाच.

पोरांना मी दम दिला होता, फादर पोचेपर्यंत व्हॉट्सअॅपवर श्रद्धांजलीचा फोटो कुणी टाकायचा नाही. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त केला होता. शुक्रवारी तो नागपूरला उतरून समृद्धीवरून शेलूबाजारपर्यंत आला. मी फाट्यावर उभा होतो, तोंडात वाक्यं तयार ठेवून. गाडी थांबली. तो उतरला. मी हात धरायला पुढे झालो, तर तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या डोक्यावरून मागे पाहत होता. मी वळलो. फाट्यावर सकाळीच फ्लेक्स लागला होता; मी तोवर येणाऱ्या गाड्यांकडेच पाहत होतो. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या आमच्या एका पुढाऱ्याचा हात जोडलेला मोठा फोटो, त्याच्या कार्यकर्त्यांचे लहान लहान फोटो, आणि कोपऱ्यात रूथबाई. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली तारीख. मी पोरांना फोनची बंदी केली होती. फ्लेक्सची करायची राहिली होती.

त्यानं तारीख वाचली. "काकाजी," तो म्हणाला, "तुमी फोन केला तवा..."

"तवा झालं होतं," मी म्हणालो.

तिथून तो थेट दफनभूमीत गेला, मी मागोमाग. ओल्या मातीजवळ बसला, खांद्यावरच्या पिशवीतून ती चांदीची डबी काढली, उघडली आणि पुन्हा बंद केली. मी म्हणालो, लाव ना. त्याचा आवाज अगदी साधा होता. "हे जित्या मानसाले लावते, काकाजी."

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला येऊन बसले. गावाचा समज काय झाला होता, हे सांगायला नको. आई महिनाभर झुरली, मी फादरला कळवत होतो, आणि तो आला नाही. ज्याच्या मुलाचं लग्न फादरनं लहानपणी मोडलं होतं, तो म्हाताराही त्यात होता. त्यानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "काहून रे बापा, तिकडच्या बुढ्यायच्या उशाशी बसाले टाइम भेटते तुले, अन् मायच्या उशाशी बसाले नाई भेटला?"

मला वाटलं, आता संपलं. या माणसाला विचारलं की तो सांगतो. चौथीपासून सांगत आला आहे. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याची आई फोनच्या वरून पाहायची, अगदी तसं. आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "मले उशीर झाला, काका."

वाक्य खरं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. पण रूथबाई म्हणायची ते झाकण त्या दिवशी बसलं, आणि ते माझ्यासाठी बसलं. मी शेजारीच होतो. भिंतीला पाठ टेकून, मान खाली घालून, दुःखी शेजाऱ्यासारखा बसून राहिलो. नंतर चहा आला, तो प्यालो.

परत जायच्या दिवशी गाडीत बसताना त्यानं मला एकच गोष्ट विचारली. "तिनं मले बोलावलं होतं काय, काकाजी?" आणि मी, एवढं होऊनही, म्हणालो, "नाई रे. तिले काई समजलंच नाई. झोपेत गेली." मी ते दयेनं म्हणालो. माझ्या दयेचा हा शेवटचा नमुना.

तेव्हापासून गावात त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, चांगला होता, पण आईला विसरला. नथ्थूजीसुद्धा म्हणतात. मी कधी हो म्हणालो नाही, कधी नाही म्हणालो नाही. फादर मात्र दर रविवारी पाच वाजता फोन करत राहिला. आता बोलायला मीच होतो. तो कांदा परतायचा, मी सांगायचो, लाल होऊ दे.

या वर्षी माझ्या पोटात दुखायला लागलं. अकोल्याला तपासण्या झाल्या. डॉक्टरनं पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्याला, विजयला, बाहेर बोलावलं. तो आत आला तो हसत आला. म्हणाला, "काई नाई बाबा, अॅसिडिटी हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं सफरचंदं आणली. पुण्याची सून लेकरांना घेऊन आली, परीक्षा तोंडावर असताना. सणावारी फोन करणारा धाकटा रोज फोन करू लागला आणि हवापाण्याचं विचारू लागला. त्यांना वाटतं, जमून राहिलं आहे. मी हा धंदा आयुष्यभर केला. दुकानातलाच माल माझ्या घरी आला, तर मी ओळखणार नाही का?

रविवारी पाच वाजता मी फादरला म्हणालो, "विजयनं तुले फोन केला असंल. काय बोलला?"

त्यानं गॅस बंद केला. म्हणाला, "त्यानं तुमाले सांगू नको म्हटलं हाय, काकाजी. मी त्याले म्हटलं, मी आपल्या मनानं सांगनार नाई, पन त्यायनं इचारलं तर खोटं बोलनार नाई. इचारून राह्यले काय तुमी?"

मी हो म्हणालो. त्यानं सांगितलं. कुठला रोग, कुठवर गेला, डॉक्टरच्या अंदाजानं किती वेळ. मध्ये एकदाही 'तसं घाबरण्यासारखं नाही' म्हणाला नाही. ऐकून मला भीती वाटली, आणि तिच्या मागोमाग एक विचित्र गोष्ट वाटली: कुणीतरी मला मोठा माणूस समजून बोललं. मग मी त्याला सांगितलं, की तुझ्या आईनं तुला बोलावलं होतं. दोनदा. मी तिला हो म्हणालो आणि तुला सांगितलं नाही.

तो खुर्ची ओढून बसला. त्याच्या मागची खिडकी पांढरी दिसत होती, बर्फ असेल. मग म्हणाला, "रविवारी ती बोलता बोलता फोनच्या वर पाहे. तवा नाई समजलं मले. नंतर समजलं, थे तुमच्याकडं पाहे."

"मंग बोलला काहून नाई गावात?"

"तुमाले तिथंच राहाचं होतं, काकाजी. मले इकडं परत याचं होतं."

थोड्या वेळानं त्यानं गॅस पुन्हा पेटवला आणि म्हणाला, आता तुमच्यापाशी टाइम हाय. कोनाले काय सांगाचं हाय थे पाहा. मी येतो.

कधी, ते त्यानं सांगितलं. तोवर मी असेन की नाही, तेही मी विचारलं, आणि त्यानं उत्तर दिलं: "मालूम नाई."

विजय अजून रोज सफरचंद कापून देतो आणि अॅसिडिटी कशी आहे विचारतो. मी बरी आहे म्हणतो. त्याच्याशीही एकदा बसायचं आहे. त्याआधी हे लिहून काढलं. फाट्यावर, जिथं तो फ्लेक्स होता, तिथं हे नथ्थूजींकडून सगळ्यांसमोर वाचून घेणार आहे. त्यांचा आवाज अजून कंडक्टरचा आहे, शेवटच्या माणसापर्यंत जातो. फादरला उशीर झाला नव्हता. त्याला मी कळवलंच नव्हतं. आई त्याला बोलावत होती, आणि ते त्याच्यापर्यंत पोचू न देणारा माणूस त्याच्या शेजारी बसून चहा पीत होता.

माझ्या वेळी त्याला फोन कुणी करायचा, तेही ठरवून ठेवलं आहे. नथ्थूजी करतील. त्यांना मी एवढंच सांगून ठेवलं आहे: नरम म्हणू नका.